कोऱ्या पातेल्यातले कढण

आमच्या लष्करातील घरी महिन्यातून एकदा डुकराच्या हाडांचे जपानी कढण होते, हे ऐकून पुष्कळांनी नाके मुरडली. मुरडोत बापडे. ज्यांच्या आजोबांनी शिकारीतले रानडुक्कर मागच्या चुलीवर शिजवून आवडीने खाल्ले, त्यांनी तरी आम्हांला सोवळे शिकवू नये. माझा वाद आहे तो खवय्यांशीच.

या कढणाला 'तोन्कोत्सु' म्हणतात. 'तोन्' म्हणजे डुक्कर, 'कोत्सु' म्हणजे हाड. क्यूशू बेटावरील कुरुमे गावी १९३७ साली 'नानकिन सेनर्यो' या गाडीवर ते रामेनच्या शेवयांबरोबर मिळू लागले. दुधासारखे पांढरे झाले ते १९४७ साली, त्याच गावच्या 'सानक्यू'मध्ये. तेही, म्हणतात, भांडे जास्त उकळल्याच्या चुकीने! पुढे तिथे 'योबिमोदोशी'ची रीत रूढ झाली. डेग कधी रिकामी करावयाची नाही. कालच्या कढणात आजचे मिसळत जावयाचे.

माझा पुतण्या फुकुओकास नोकरीला असतो. सुटीवर आला तेव्हा म्हणाला, "काका, उगाच गॅस जाळता. तिथल्या डेगीत वर्षानुवर्षांचे कढण मुरलेले असते. ती चव घरच्या कोऱ्या पातेल्यात कुठून येणार?"

हे बोलणे मला नवे नव्हते. वडील दरबारचे गवई. नोकरीस दोन वर्षे होतात न होतात तोच १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. त्यांना मी पन्नाशीत झालो. दरबार मी पाहिलाच नाही. पण दरबार गेला तिथे गाणे संपले, हे मात्र जन्मभर ऐकले. माझ्याकडे शिकवणीची मुले येऊ लागली की ते आपल्या खोलीचे दार लावून घेत.

पुतण्याशी वाद न घालता मी पातेले चढवले. दोन किलो हाडे, त्यांत निम्मे पाय. नळ्या खाटकाकडूनच फोडून आणलेल्या. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी पंधरा मिनिटे उकळली, ते पाणी फेकले आणि एकेक हाड ब्रशाने घासले. इथे आळस केला की कढण करडे होते व त्याला वास मारतो. मग ताजे पाणी आणि मोठी आच.

आच मोठीच हवी. आपल्याकडे मंद आचेचे फार कौतुक. तिच्यावर मटणाची आळणी छान निवळ उतरते. पण इथे निवळ नको आहे. पायांतील चिकट अंश विरघळून जिलेटिन होते, नळीतील चरबी सुटते आणि खळखळत्या पाण्यात तिचे बारीक बारीक कण होतात. जिलेटिन त्या कणांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. पांढरा रंग त्या कणांचा. (दूध घालून तो आणणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.) कुकरने हाडे लवकर शिजतात हे खरे, पण आत पाणी घुसळले जात नाही, झाकण काढून मोठ्या आचेवर पुन्हा उकळावेच लागते. बारा तास मी आधणाचे पाणी घालत राहिलो. मीठ मुळीच नाही. मीठ-सोयाचा अर्क वाडग्यात वेगळा घ्यावयाचा आणि त्यावर कढण ओतावयाचे.

मधल्या वेळी मुले आली. यमनचे आलाप आणि पातेल्याची खळखळ एकदमच चालली होती. दर पाऊण तासाने मी उठे, पाणी घाली, पुन्हा तंबोऱ्याशी बसे.

रात्री पुतण्याने पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "दुकानाचा वास नाही यात." नाहीच. तो जुन्या डेगीचा. घरी आणल्याचा आव मी आणणार नाही. पण ओठाला ओठ चिकटले की नाही, असे मी विचारले. चिकटले होते. ते कढणाचे अंग. ते आच, वेळ आणि घासलेली हाडे यांनी येते, आणि तेवढे कोणत्याही घरी जमते. दुकानवाल्यांची थोरवी गाऊन घरच्या माणसाने हात आखडते घ्यावेत, हे मला मान्य नाही.

तिकडे शेवया संपल्या की उरलेल्या कढणात नुसत्या शेवया पुन्हा मागवतात. त्याला 'काएदामा' म्हणतात. पुतण्याने वाडगा पुढे केला, तो दोनदा.