सरकारचा वकील, पण कोणाच्या बाजूचा?

मुलांनो, 'सरकारी वकील' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं कोण उभं राहतं? काळा कोट घातलेला, आरोपीवर बोट रोखून गरजणारा सिनेमातला माणूस! फौजदारी खटले चालवणाऱ्या या वकिलाला सरकारी अभियोक्ता असंही म्हणतात. पण सरकारचे सगळेच वकील चोर-दरोडेखोरांच्या मागे नसतात हं. काहींच्या टेबलावर असतात घरांच्या फायली. 'मोठेपणी कोण व्हायचं?' या आपल्या सदरात आज त्यांचीच ओळख करून घेऊ या.

तुम्ही म्हणाल, घर बांधायला गवंडी लागतो, सुतार लागतो. वकिलाचं तिथं काय काम? सांगते. पहिली वीट बसण्याआधी ढीगभर प्रश्न सोडवावे लागतात. जमीन कोणाची? तिथं आज कोण राहतं? घर कोणाला मिळणार? बांधकाम अर्धवट राहिलं तर जबाबदार कोण? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कागदावर असावं लागतं, आणि ते कायद्यात बसावं लागतं.

मुंबईचंच उदाहरण घ्या. झोपडपट्टीत राहणाऱ्यांना पक्कं घर मिळावं म्हणून १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. योजना अशी, की बिल्डरनं त्याच जागेवर पात्र झोपडीवासीयांना फुकट घरं बांधून द्यायची. त्याबदल्यात त्याला जादा बांधकाम करायला मिळतं. ती जादा घरं विकून तो आपला खर्च आणि नफा काढतो. सुरुवातीला हे फुकट घर २२५ चौरस फुटांचं होतं. पुढं ते २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांचं झालं. ३०० चौरस फूट म्हणजे किती? टेप घ्या आणि २० फूट लांब, १५ फूट रुंद जागा मोजून पाहा. एवढ्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची जागा आणि तुमचा अभ्यास, सगळं आलं!

आता यात वकील काय करतो? प्राधिकरणाचे आणि 'म्हाडा'चे स्वतःचे विधी अधिकारी असतात. ते जमिनीच्या मालकीचे कागद तपासतात, करारातलं वाक्यन् वाक्य वाचतात. नियमांप्रमाणं काम होतंय की नाही ते बघतात. नियमही वाचण्यासारखे आहेत बरं का! घराचा करार नवरा आणि बायको अशा दोघांच्या नावे करायचा असतो. का? तर आईला कुणी घराबाहेर काढू नये म्हणून. इमारतींबरोबर बालवाडीची जागा, कल्याण केंद्र आणि सोसायटीचं कार्यालयही द्यावं लागतं. नुसत्या खोल्या बांधल्या म्हणजे वस्ती होत नाही ना!

वाद कोर्टात गेला, की सरकारची बाजू मांडायला सरकारी वकील उभा राहतो. इथंच त्याची खरी परीक्षा असते.

समजा, सुमन नावाची एक मुलगी आहे. तिच्या वस्तीत योजना आली. कोण पात्र, कोण अपात्र याची यादी लागली. या यादीला 'परिशिष्ट दोन' म्हणतात. १ जानेवारी २००० च्या आधीपासून झोपडी होती असा पुरावा असेल, तर फुकट घर मिळतं. सुमनच्या आईकडं पुरावा होता. पण मतदार यादीत नाव होतं 'शेवंताबाई' आणि विजेच्या बिलावर नुसतंच 'शेवंता'. झालं! साहेबांनी शेरा मारला, 'अपात्र'. शेजारच्यांना घर मिळणार आणि सुमनचं बिऱ्हाड रस्त्यावर येणार. आई अपिलात गेली, तिथंही हरली, आणि मग उच्च न्यायालयात आली.

आता सांगा, सरकारी वकिलानं काय करावं? तो तर समोरच्या बाजूचा! फाईल वाचताना त्याला कळतं, की शेवंता आणि शेवंताबाई एकच. मग त्यानं नावातल्या फरकावर बोट ठेवून खटला जिंकावा का?

चांगला सरकारी वकील आधी त्या खात्याच्या साहेबांना सांगतो, "साहेब, या बाईंचे कागद पुन्हा तपासा. आपला निर्णय चुकलाय." आणि न्यायालयापासून तो एकही कागद लपवत नाही. कारण त्याचं अशील सरकार असलं, तरी सरकार कोणाचं? तुमचं, माझं आणि सुमनच्या आईचंही. मात्र एखाद्यानं खोटे कागद करून दुसऱ्याचं घर लाटायचं ठरवलं, तर हाच वकील त्याच्याविरुद्ध ठामपणं उभा राहतो. कोणी कितीही ओळखी सांगो!

एक खरा खटला सांगते. १९८१ च्या जुलैत, भर पावसाळ्यात, मुंबईतल्या फूटपाथवरच्या झोपड्या हटवायचं सरकारनं ठरवलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही झोपडीवासी न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. महापालिकेचं म्हणणं होतं, की कायद्याच्या कलम ३१४ प्रमाणं नोटीस न देताही झोपड्या काढता येतात. १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि एरवी कुणालाही हटवण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, असं त्यांनी सांगितलं. पण फूटपाथवर राहण्याचा हक्क मात्र त्यांनी मान्य केला नाही. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत झोपड्या काढू नका, एवढी मुदत दिली. १९७६ च्या गणतीत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती, त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. म्हणजे कोणतीच बाजू पूर्ण जिंकली नाही. पण 'आधी ऐका, मग ठरवा' हे तत्त्व पक्कं झालं. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे आपल्या मराठी मातीतले. आणि गंमत म्हणजे न्यायाधीश होण्याआधी मुंबई उच्च न्यायालयात ते स्वतः सरकारी वकील होते!

तुम्हाला या वाटेनं जायचंय? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मग वकिलीची सनद घ्यायची, काही वर्षं अनुभव घ्यायचा, आणि त्यानंतर सरकारी वकील होता येतं. मराठी पक्की हवी, कारण जुने कागद मराठीतच असतात. इंग्रजीही हवी, उच्च न्यायालयाचं काम त्याच भाषेत चालतं. आणि कंटाळा न करता वाचायची सवय तर हवीच हवी.

पालकांसाठीही दोन शब्द. महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा. कुणा गरजू शेजाऱ्याला हे जरूर सांगा.

आणि मुलांनो, या आठवड्याचा तुमचा गृहपाठ! आईबाबांना विचारून घरातले कागद काढा. रेशनकार्ड, विजेचं बिल, मतदार ओळखपत्र. आईचं नाव सगळीकडं सारखंच लिहिलंय का, ते तपासा. फरक सापडला तर वहीत टिपून ठेवा आणि तो दुरुस्त करून घ्यायला घरच्यांच्या मागे लागा. शुद्धलेखनाला एरवी नाकं मुरडता ना? कधीकधी एका 'बाई'वर अख्खं घर अडतं!