एसीचा एमसीबी का पडतो?

विरारमध्ये एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. ती एसीपासून सुरू झाल्याचे सांगितले गेले.

असे एसी चोवीस तास चालतात. उन्हाळ्यात एमसीबी वारंवार पडू लागला की सोपा उपाय केला जातो: सोळाच्या जागी बत्तीस अँपिअरचा बसवायचा. वायर मात्र तीच, अडीच चौरस मिलिमीटरची! मग एमसीबी पडत नाही, वायर तापत राहते. म्हणजे ताप उतरवायचा सोडून थर्मामीटरच फोडायचा. खरे कारण सैल टर्मिनल, तुंबलेला कंडेन्सर, किंवा वीज परतताच एकदम सुरू होणारे सगळे कॉम्प्रेसर. शेवटच्यासाठी काही मिनिटांचा टायमर पुरतो. निविदेत रंगरंगोटी असते, टायमर क्वचितच. औषधाचा डोस डॉक्टरच्या सहीनेच बदलतो. एमसीबीसुद्धा परवानाधारक वीजतंत्रीच्या लेखी सहीनेच बदलावा.