फुलातले भाऊभाऊ

जास्वंदीचे फूल परडीत टाकताना त्याच्या मधल्या लांब दांड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तो दांडा म्हणजे खरे तर एक नळी असते. फुलातल्या पुष्कळशा पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जुळून ती बनते आणि तिच्या आतून स्त्रीकेसर वर डोकावतो. या रचनेला वनस्पतिशास्त्रात ‘एकसंघ’ म्हणतात. वाटाण्याच्या फुलात दहा पुंकेसर असतात. त्यांतले नऊ जुळलेले, दहावा सुटा. ही रचना ‘द्विसंघ’.

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७३५ साली पुंकेसरांवरून झाडांचे वर्ग पाडले, तेव्हा अशा वर्गांच्या नावांसाठी ‘भाऊ’ या अर्थाचा ग्रीक शब्द घेतला. वाटाण्यातला दहावा म्हणजे वेगळी चूल मांडलेला भाऊच! पण तो वेगळा झाल्यामुळेच बुडाशी फट राहते आणि मधमाशीची सोंड मधुरसापर्यंत पोहोचते.

ही नावे पाठ करताना विद्यार्थी कंटाळतात. शेतीत मात्र त्यांना मोल आहे. संकर करायचा, तर ज्या फुलात बी धरायचे त्याचे पुंकेसर पराग सुटण्यापूर्वी काढावे लागतात. वाटाण्यावर प्रयोग करणारा मेंडेल कळी उघडून चिमट्याने एकेक पुंकेसर काढत असे. प्रयोगापुरते हे ठीक, पण शेतकऱ्यांना पुरेल एवढे बियाणे या रीतीने कसे निघणार?

कापूस हा जास्वंदीच्याच कुळातला, म्हणजे पुंकेसर एकसंघ. कळीच्या बुडाशी अंगठ्याचे नख लावून हलकेच फिरवले, की पाकळ्यांसकट सारी नळी टोपीसारखी निघून येते. हाताने संकर करून व्यापारी प्रमाणावर बियाणे तयार करणे त्यामुळे शक्य झाले. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केलेला ‘एच-४’ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० साली शेतकऱ्यांच्या हाती आला.

बीजोत्पादनाच्या शेतात आजही हे काम हातांनीच चालते आणि त्यांतले बरेचसे हात बायकांचे असतात. दुपार कलल्यावर दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या, नळी काढायची, आणि सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातले पराग स्त्रीकेसरावर लावायचे. नख खोल गेले तर बोंड गळते. चार पुंकेसर मागे राहिले तर ते बी संकरित राहत नाही.