परीक्षेत आपलेच गाणे सांगावे

उसाच्या बिलातून क्लासची फी भरून आपल्यातील काहींची मुले-मुली परदेशी शिक्षणासाठी 'आयईएलटीएस' ही इंग्रजीची परीक्षा देतात. तीत परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटे बोलावे लागते. पहिली ४-५ मिनिटे घर, गाव, आवडीनिवडी यांची. "कोणते संगीत ऐकता? कधी ऐकता?" असेही विचारतात. इथे आपली पोरं कधी न ऐकलेल्या विलायती गायकांची नावे घोकून जातात. भजन, पोवाडा सांगायला लाजतात.

आम्हाला हे पटत नाही. गुण आवडीला नसतात. सुसंगत ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या ४ गोष्टींना असतात. घोकलेले उत्तर परीक्षकाच्या ध्यानात येते, आणि "का आवडते?" म्हटले की गाडी चिखलात रुतलीच! त्यापेक्षा एकादशीचे भजन, रात्रीची दारे धरताना मोबाईलवर ऐकलेले भीमसेन जोशींचे अभंग सांगावेत. रोजच्या कानावरचे असले की चार वाक्ये जास्त सुचतात. पखवाज म्हणजे काय, हे मात्र सोप्या इंग्रजीत सांगता आले पाहिजे.

तेव्हा पालकांनी मुलांना घरी रोज १० मिनिटे बोलते करावे. आपल्याला इंग्रजी कळो वा न कळो, समोर बसून ऐकावे.