न छापलेला आकडा

रसायन म्हणजे काय, हे माहुलच्या रहिवाशांना शिकवावे लागत नाही. तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि साठवणीच्या टाक्या त्यांच्या उशाशी आहेत. येथील हवेपासून आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादानेही २०१५ साली मान्य केले. परंतु टाकीतील रसायनाविरुद्ध दाद मागणाऱ्या याच वस्तीतील तरुण मुले-मुली गालावर लावावयाच्या रसायनाविषयी एकही प्रश्न विचारीत नाहीत, याचे नवल वाटते.

ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक या आम्लांच्या लहान बाटल्या आता सर्रास विकल्या जातात. त्यांचा गुण खोटा नाही. त्वचेच्या वरच्या थरातील मृत पेशींचे बंध ती सैल करतात. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळत असल्याने बुजलेल्या रंध्रांतही उतरते. आजीच्या ताकात लॅक्टिक आम्लच होते. प्रश्न आहे तो मात्रेचा. घरगुती वापराच्या ग्लायकोलिक आम्लाचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक व सामू ३.५ हून कमी नसावा, असे अमेरिकेतील तज्ज्ञ समितीचे मत आहे. सामू उतरला की तेच १० टक्के अधिक दाहक ठरतात.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने दोन आम्ले एकत्र, तीही रोज दोनदा लावली आणि ती भर उन्हात ये-जा करीत राहिली. आम्लाने सोललेली त्वचा उन्हाने लवकर भाजते. शिवाय आपल्या गव्हाळ व सावळ्या त्वचेवर दाह झाला, की मागे काळा डाग राहतो आणि तो महिनोन्महिने जात नाही. उजळपणासाठी मोजलेले पैसे असे उलटतात!

वास्तविक पथ्य साधे आहे. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक-दोन दिवस पाहावे. नंतर आठवड्यातून एक-दोनदा, रात्री, एका वेळी एकच आम्ल वापरावे. दिवसा ऊन-प्रतिबंधक मलम लावावे. थ्रेडिंग वा ब्लीच केलेल्या जागी काही दिवस आम्ल लावू नये. आग थांबत नसेल तर साध्या पाण्याने धुऊन वापर बंद करावा व त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे. चेहऱ्यावर लिंबू चोळणे हा काही सुरक्षित पर्याय नव्हे. त्याची आम्लता कोणी मोजलेली नसते.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला येथे एक विसंगती खटकते. बाटलीवर कमाल किंमत छापलीच पाहिजे, असा कायदा आहे. आम्लाची टक्केवारी आणि सामू मात्र अनेक बाटल्यांवर आढळत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही आम्लांच्या वेष्टनावर सूर्यदाहाचा इशारा छापण्याची शिफारस २००५ सालीच केली. आपल्याकडे हे दोन्ही आकडे व हा इशारा सक्तीचा व्हावा, तोही मराठीत. तोवर ग्राहकाने दुकानदाराला टक्केवारी विचारावी आणि उत्तर न मिळाल्यास बाटली परत ठेवावी.