आधी हात, मग हळद

प्रौढ मनुष्याच्या देहात साधारणतः 5 लिटर रक्त खेळत असते, आणि मांडीतील मोठी धमनी तुटली तर त्यातील प्राणरक्षणास अवश्य असलेला हिस्सा वाहून जावयास थोडी मिनिटेही पुरी होतात. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तिचा चालक कितीही कुशल असला आणि रस्ता कितीही मोकळा मिळाला, तरी तेवढ्या अवधीत ती क्वचितच येऊन पोहोचते. हे साधे गणित मान्य केले म्हणजे रक्तबंबाळ मनुष्याचा पहिला वैद्य कोण, या प्रश्नाचा उलगडा आपोआप होतो. त्या क्षणी त्याच्याजवळ जो उभा असेल तो, मग तो पानवाला असो, प्राध्यापक असो की नुसता बघ्या असो. या पहिल्या वैद्याला त्याचे काम शिकविण्याची कोणतीही सक्तीची तजवीज आपण केलेली नाही. ती आता केली पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

काम तसे थोडके आहे. वाहत्या जखमेवर रुमाल, उपरणे, ओढणी, जे स्वच्छ वस्त्र हाताशी असेल ते ठेवावे, त्यावर तळहात रोवावा, कोपर ताठ करून अंगाचा भार घालावा आणि किमान दहा मिनिटे तो हात हलवू नये. वस्त्र भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवून अधिक जोराने दाबावे. कारण दाबाखाली प्रवाह मंदावतो, तंतूंचे सूक्ष्म जाळे विणले जाते आणि गुठळी धरते, आणि ‘थांबले का’ म्हणून घडोघडी कापड उचलून पाहणारा उत्सुक मनुष्य ते जाळे स्वतःच्याच हाताने फाडीत असतो. जखम खोल असेल तर कापड आत ठासून भरावे व मग दाबावे. काच किंवा सळई रुतलेली असेल तर ती उपसू नये, तिच्या दोन्ही अंगांनी दाब द्यावा, कारण पुष्कळदा तीच त्या फुटलेल्या वाहिनीचे बूच होऊन बसलेली असते. हातापायाचे रक्त इतके करूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, रुंद पट्टा बांधावा, त्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळावा, बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टरांच्या ताब्यात देईपर्यंत तो सैल करू नये. सुतळी व तार या कामी वर्ज्य, कारण त्या मांसात रुततात. संक्रांतीच्या सुमारास दुचाकीस्वाराचा गळा नायलॉनच्या मांज्याने चिरला तर पट्ट्याचा विचारही मनात आणू नये. तेथे जखमेवर नेमका, थेट हातच हवा. परक्याच्या रक्ताची धास्ती वाटत असेल तर वाण्याच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी हातमोज्याचे काम करते.

विद्या एवढी अल्प असता ती ऐन वेळी कामी का येत नाही, हे पाहावयाचे असेल तर ऊसतोडीच्या फडात जावे. बुडख्याशी वाकून घाव घालताना कोयता पाचटावरून निसटतो आणि नडगीवर बसतो. कोणी चुना शोधू लागते, कोणी तंबाखू चोळू लागते, कोणी चिंधी जाळून तिची राख करते, कोणी कोपीवरून हळद आणावयास धावते, मुकादम ट्रॅक्टर कोठवर आला याची चौकशी करतो. पाच माणसांच्या पाच धावपळी चाललेल्या असतात आणि त्या पायावर मात्र एकाचाही हात नसतो. हळदीविषयी मला अनादर नाही. विळीवर बोट चिरले असता आजीने चिमूटभर हळद दाबली आणि रक्त थांबले, हा घरोघरचा अनुभव खराच आहे. परंतु त्यातले श्रेय चिमटीपेक्षा दाबणाऱ्या बोटाचे अधिक होते, ही गोष्ट आपल्या ध्यानात राहिली नाही. सुश्रुतसंहितेत रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय पद्धतशीर वर्गीकरण करून सांगितलेले आहेत. ज्या भूमीत इतक्या पूर्वी या विषयाचे शास्त्र झाले, तेथे आज उघड्या जखमेत राख आणि माती भरून धनुर्वाताला आमंत्रण दिले जावे, हे शोचनीय होय.

दुसरी चूक दयेपोटी होते. पुष्कळ रक्त गेलेला मनुष्य तहानेने व्याकूळ होऊन पाणी मागतो, आणि मागणाऱ्याला पाणी नाकारणे आपल्या संस्काराला पाप वाटते. म्हणून गर्दीतला कोणी तरी सद्भावनेने त्याच्या तोंडाला बाटली लावतो. पण ती तहान, तो घाम, तो पांढराफटक पडलेला चेहरा ही देहातील रक्त आटत चालल्याची लक्षणे असतात. शुद्ध हरपत असता पाणी श्वासनलिकेत उतरू शकते, आणि लगेच शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली तर भरलेले पोट घात करते. अशा वेळी ओठ तेवढे ओले करावेत, रुग्णाला आडवे निजवावे, अंगावर पांघरूण घालावे आणि 108 ला फोन करण्याचे काम गर्दीतल्या एखाद्या नेमक्या माणसाकडे बोट दाखवून सोपवावे.

या अज्ञानाच्या जोडीला अनेक वर्षे एक भय होते, आणि ते सकारण होते. मदत करणाऱ्याच्या मागे पंचनामा, जबाब आणि कोर्टाच्या तारखा यांचा ससेमिरा लागे. इस्पितळेही पोलिसी सोपस्कारांवर बोट ठेवून जखमीला दारातून परत पाठवीत. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य प्राण वाचविण्याचे असून कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. 2016 साली त्याच न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलम घातले, ज्यान्वये अपघातग्रस्ताला सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. त्याखालील नियमांनुसार त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. भयाचा कागदोपत्री निकाल लागला आहे. मात्र हे कलम मोटार अपघातापुरते आहे. फडातला कोयता, गोठ्यातले कडबाकुट्टी यंत्र किंवा इमारतीचा कोसळलेला परांचा यांत जखमी झालेल्याला हात देणाऱ्यासाठी असाच निःसंदिग्ध शब्द कायद्यात यावयास हवा.

तथापि अभय मिळाल्याने हात शिकत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने दर 150 कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळण्यास प्रमाणपत्रधारक मनुष्य सक्तीचा केला. म्हणजे साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत ही तरतूद आहे, आणि त्याच कारखान्यासाठी ज्या फडात खरोखर कोयता चालतो तेथे ती नाही. अर्धवट शिकलेला हात अपाय करील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पट्ट्याच्या बाबतीत तो काही अंशी रास्तही आहे, आणि म्हणूनच त्याचे शिक्षण भित्तिपत्रकाने न होता प्रत्यक्ष सरावाने व्हावे. परंतु जखम दाबून धरण्यात होणारा अपाय फार थोडा, आणि ती उघडी वाहू देण्यात होणारा अपाय निश्चित, हे आक्षेपकांनी विसरू नये.

तेव्हा मागणी तीन कलमी आहे. नववीच्या वर्गात रक्त थांबविण्याची प्रात्यक्षिक परीक्षा असावी, आणि तिचे गुण निकालपत्रात धरावेत. गाळपाचा परवाना देताना प्रत्येक टोळीत एक शिकलेला माणूस व एक भरलेली पेटी यांची अट कारखान्यावर घालावी. आणि जर्मनीत प्रथमोपचाराचा वर्ग पुरा केल्यावाचून वाहन चालविण्याचा परवाना मिळत नाही, तोच दंडक येथे लागू करावा. दुचाकीवर आठचा आकडा काढता आला नाही म्हणून उमेदवाराला परत पाठविण्याचा अधिकार परिवहन खात्याला आहेच. ज्याच्या हाती रक्त सांडू शकणारे यंत्र आपण देतो, त्याला रक्त थांबविता येत नसेल तर त्यालाही परत पाठविण्याचा अधिकार त्या खात्याने मागून घ्यावा, आणि सरकारने तो विनाविलंब द्यावा.