डब्यातील बळ आणि ताटातील बळ

मुलगा व्यायामशाळेत जाऊ लागला की घराला आनंद होतो. परंतु महिना उलटण्यापूर्वीच प्रथिनांच्या भुकटीचा काही हजार रुपयांचा डबा घरात येतो आणि आईच्या हातची आमटी-भाकरी चिरंजिवांना अपुरी वाटू लागते. ती खरोखरच अपुरी आहे काय?

क्रीडापोषणाचे शास्त्र खोटे नाही. स्पर्धेसाठी तासन्‌तास घाम गाळणाऱ्या खेळाडूस दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागू शकतात. सामान्य प्रौढास मात्र सुमारे ०.८३ ग्रॅम पुरतात. म्हणजे साठ किलोच्या तरुणास दिवसाला ५० ग्रॅम. दोन वेळची डाळ, एक उसळ, ज्वारीच्या भाकऱ्या, मूठभर शेंगदाणे आणि दूध-दही यांतून ती सहज मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मधील आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात, असेच सांगितले आहे. खेळाडूलाही धोका आहेच. भेसळीच्या डब्यातून उत्तेजक द्रव्य नकळत पोटात गेले, तरी जागतिक नियमांनुसार उत्तरदायित्व त्याच्याच माथी येते.

आपल्या तालमींत 'खुराक' हा शब्द कधीच एकटा नव्हता. दूध, तूप आणि बदामाची थंडाई यांच्यामागे पहाटेचे जोर-बैठका, लाल मातीतील मेहनत, वस्तादांचा धाक आणि वेळेवर झोप उभी असे. हेलसिंकी येथे १९५२ साली स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतून घडले. वाग्भटांनीही स्निग्ध आहार आणि व्यायाम यांची सांगड घातली, अन् व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, अशी मर्यादाही घातली. आहार, श्रम आणि विश्रांती यांचा एकत्र विचार तो हाच.

मात्र परंपरेच्या नुसत्या अभिमानाने पोषण होत नाही. श्रम सुटले आणि तूप तेवढे राहिले, तर ते बळ न देता व्याधीच देणार. भाताचा डोंगर आणि पातळ वरण, उपासाला केवळ पिष्टमय साबुदाणा, घरातील स्त्रीच्या वाट्याला शेवटी उरलेले अन्न, हे काही आपल्या पूर्वजांचे आहारशास्त्र नव्हे. ताट असे दुबळे ठेवायचे आणि डब्याला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे.

म्हणून डबा आणण्यापूर्वी घराघरांत आधी ताट तपासावे. डाळ घट्ट व्हावी, रोज एक उसळ असावी, मुलाइतकेच दूध मुलीलाही मिळावे, सर्वांनी एकत्र बसून जेवावे आणि रात्री वेळेवर निजावे. बळ विकत आणता येत नाही. ते नित्यनेमाने कमवावे लागते.